ताईची बिग फन वही: गावसकर सुटला, कपिल अडून बसलाय

गावसकर सुटला! पाठीसकट, एकही पापुद्रा न जाता. ताईने शाळेत असताना बिग फन बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं वहीत चिकटवली होती. त्यांच्या पाठीवर छापलेले रन बघायला मी ती सोडवतोय.

ताईच्या वहीतली कार्डं पाण्यात बुडवायची नाहीत हे मागेच ठरलं होतं, कारण प्रत्येक कार्डाखाली तिने रॉयल ब्लू शाईने काही ना काही लिहून ठेवलंय आणि ती शाई ओल्या बोटालाही लागते. 'शाई गेली तर जाऊ दे, कार्ड वाचव' हा तुमच्यापैकी काहींचा सल्ला मला पटला नाही. बिग फनचा सुटा गावसकर शोधला तर मिळेल. पण त्याच्याखाली '३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, न्यूझीलंड, १०३ नाबाद, चेंडू ८८, अंगात ताप' आणि शेजारी चेतन शर्माची हॅटट्रिक, रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघांपुढे ठसठशीत 'त्रिफळा', असं सातवीतल्या मुलीचं पान कुठल्या बाजारात मिळणार?

काम केलं ते सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, पाण्यात घट्ट होणारी पावडर) जेलने. जेल पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे ओल पसरत नाही. बुकबाइंडिंगच्या सामानाच्या दुकानात भाव ऐकून परत फिरलो. केकच्या सामानाच्या दुकानात हीच पावडर फॉन्डंटसाठी (केकवरच्या साखरेच्या लगद्यासाठी) 'टायलोज' म्हणून बरीच स्वस्त मिळते. घटकांत साखर मिसळलेली नाही ना, तेवढं बघून घ्या.

जेल लावलं पानाच्या मागच्या, कोऱ्या बाजूने, कार्डाच्या मापाएवढ्याच जागेत, भोवती टीपकागदाच्या पट्ट्या. अर्ध्या तासाने कार्डामागची मैद्याची खळ फुगली. मग दातांच्या डॉक्टरांकडचा असतो तो पातळ स्पॅट्युला कडेने आत सरकवला. कोपरा उचलला गेला, मैद्याचा एक चिकट पांढरा धागा ताणला आणि तुटला. मागे राखाडी पुठ्ठा, कसरीने कुरतडलेला एक कोपरा आणि काळ्या शाईत चार रन. इतकी वर्षं त्या चार रनांवर कोणी हक्क सांगितला नव्हता. ताईला कळवलं तर म्हणाली, तेवढे धरले असते तर फ्लिप बुक मिळालं असतं! (कार्डांवरचे रन साठवले की बक्षीस मिळायची ती, पानं भराभर उलटली की चित्र हलतं अशी छोटी वही.)

वेंगसरकर आणि श्रीकांत डिंकाचे निघाले. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्यांनी काहीच त्रास दिला नाही.

आता कपिल. तो पांढऱ्या गोंदाचा, म्हणजे पीव्हीए. हा एकदा वाळला की पाण्याने फुगतो, रबरासारखा होतो, पण विरघळत नाही. ॲसिटोनने विरघळेल, पण कोपऱ्यावर कापसाच्या काडीने तपासलं तर छपाईचा लाल रंग लगेच काडीवर आला. ॲसिटोन बाद. कोमट स्पॅट्युलाने गोंद मऊ होतो म्हणून तेही केलं. एक कड जेमतेम सुटली आणि पुढे पुठ्ठाच सोलायला लागला, तिथे थांबलो.

उरला मार्ग मागून पानच खरवडायचा. पण पान उलटलं तर तिथे त्याच वर्ल्ड कपची वानखेडेची सेमीफायनल: ५ नोव्हेंबर, इंग्लंडचा गूच ११५, आपण ३५ धावांनी हरलो, आणि कपिलपुढे 'झे. गॅटिंग गो. हेमिंग्ज' लिहून पेनाचं निब कागदात रुतेल इतक्या जोराने मारलेली रेघ. फोनवर ताईने एकाच वाक्यात निकाल लावला, "सेमीफायनल फाडलीस तर बघ."

कडा सुटलेली कार्डं ठेवायला पाकिटं मागवली होती, ती बेसबॉल कार्डांच्या मापाची, अडीच बाय साडेतीन इंच. आपल्या कार्डांना ढगळ होतात. शिवाय त्या विक्रेत्याचं 'ॲसिड-फ्री' पाकीट नाकाशी धरलं तर पीव्हीसीचा वास, आणि हे प्लास्टिक कालांतराने कार्डं खराब करतं. परत पाठवली. पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या.

हे लिहिता लिहिताच सुचलं: कपिलला सोडवायचंच कशाला? मला त्याच्या पाठीवरचा आकडा हवाय. रंगीत छपाईच्या शाया आणि रॉयल ब्लूसारखी पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची (डाय) शाई इन्फ्रारेडमध्ये बहुतेक पारदर्शक होतात, काळी कार्बनची शाई तेवढी दिसते. गावसकरच्या पाठीवरचा आकडा काळा होता. कपिलचाही असेल तर पानामागे इन्फ्रारेड दिवा धरून फोटोत यायला हवा. पुठ्ठ्याची जाडी आडवी येईल कदाचित. त्यासाठी जुन्या वेबकॅमचा आयआर फिल्टर (इन्फ्रारेड अडवणारी काच) काढावा लागेल. कोणाकडे असा वेबकॅम पडून असेल तर कळवा. फिल्टर लेन्सला चिकटवलेला नको, वेगळा बसवलेला हवा. गोंद सोडवायचं काम सध्या पुरे झालंय.