‘ळ’चा अभिमान आणि जिभेच्या दोन कडा

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की ‘ळ’ हे अक्षर केवळ मराठीतच आहे, असे सांगणारे संदेश पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या आणि कट्ट्याच्या गटावर फिरू लागतात. हा दावा खरा नाही. गुजराती, राजस्थानी, पंजाबी, ओडिया, कोकणी, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या साऱ्या भाषांमध्ये हा ध्वनी आहे. प्रमाण हिंदीत आणि बंगालीत तो नाही. त्यामुळेच नळ स्टॉपला उतरणारा हिंदीभाषक सहजपणे ‘नल स्टॉप’ म्हणतो. माझ्या मते ‘ळ’ची खरी गंमत तो कोणाच्या मालकीचा आहे यात शोधू नये, मराठीने तो कसा घडवला, हे अधिक पाहण्याजोगे आहे.

जिभेचा मधला भाग वर टेकलेला असताना हवा तिच्या कडांवरून बाहेर पडली की पार्श्विक व्यंजन तयार होते. ‘ल’ म्हणण्याच्या तयारीत जीभ तशीच ठेवून श्वास आत ओढला, तर गार हवा नेमकी कोणत्या बाजूने जाते ते जाणवते. ‘ळ’साठी जिभेचे टोक मागे वळते, एवढाच काय तो फरक, पण गाल आणि गाळ, वेल आणि वेळ, काल आणि काळ या जोड्या त्याच फरकावर उभ्या आहेत.

या जोड्यांमागे एक नियम आहे. प्राकृतातून येताना दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला, तर जोड ‘ल्ल’ सुटून ‘ल’ राहिला. म्हणून संस्कृत ‘फल’चे फळ, ‘वेला’ची वेळ आणि ‘काल’चा काळ झाला, उलट ‘कल्य’पासून प्राकृतात ‘कल्ल’ आणि त्यातून मराठीत ‘काल’ आले, ‘गल्ल’चा गाल झाला आणि ‘तेल्ल’चे तेल. मराठी शब्दाच्या आरंभी ‘ळ’ का येत नाही, याचे उत्तरही इथेच मिळते, कारण तो जन्मलाच मुळी दोन स्वरांच्या मध्ये. (ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेतल्या ‘अग्निमीळे’मधला ‘ळ’ वेगळा; तो ‘ड’पासून आलेला आहे.) बालगंधर्वांच्या नावात ‘ल’ आणि बाळ गंगाधर टिळकांच्या नावात ‘ळ’ कसा, याचाही उलगडा होतो: एक रूप थेट संस्कृतातून उचललेले, दुसरे बोलीत झिजून आलेले.

तमिळमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या जोडीला ‘ऴ’ आहे. मात्र त्याच्या उच्चारात जीभ वर टेकतच नाही, म्हणून काटेकोरपणे तो पार्श्विक नव्हे. वेल्स भाषेत कंठाचा नाद न लावता जिभेच्या कडेने हवा घासत सोडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेच्या नावातला पहिला ध्वनी तर घोडा हाकताना गालाकडून काढतात त्या आवाजासारखा आहे. अरबीतल्या ‘दाद’ या अक्षराचे वर्णन आठव्या शतकातल्या सीबवय्ही या अरबी व्याकरणकाराने जिभेच्या कडेचा ध्वनी म्हणून केले आहे. आजच्या प्रमाण अरबीत तो तसा उरलेला नाही; पण ‘अल-कादी’ हा शब्द स्पेनमध्ये ‘अल्काल्दे’ झाला, तेव्हा त्यातल्या ‘ल्द’ने जुन्या उच्चाराची खूण जपली. तोच शब्द फारसीमार्गे आपल्याकडे ‘काझी’ होऊन आला आणि त्यात ती खूण शिल्लक नाही.

वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि पुण्यात त्यावर हमखास हसू पिकते, हे मला पटत नाही. पार्श्विक ध्वनीचा ‘य’ होणे ही अतिशय सामान्य वाट आहे. स्पॅनिशमध्ये जोड ‘एल’ने लिहिला जाणारा ध्वनी मुळात ‘ल्य’सारखा पार्श्विक होता, आज बोलिव्हिया आणि पॅराग्वेमध्ये तो पुष्कळ जणांच्या बोलण्यात टिकून आहे, आणि राजधानी माद्रिदमध्ये त्याचा केव्हाच ‘य’ झाला आहे.