अफगाण चर्चच्या भिंतीवर नसलेली नावं

कुलाब्याचं अफगाण चर्च आजवर बसमधूनच बघितलं होतं. गेल्या रविवारी मुद्दाम आत गेले. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं हे स्मारक. पायाभरणी १८४७ ची, प्रार्थना सुरू झाली १८५८ ला, मनोरा त्याच्याही नंतरचा.

रंगीत काचा सुंदर आहेत, पण मी खिळले ती भिंतीवरच्या कोरीव मजकुरापाशी. अधिकाऱ्यांची नावं ओळीने दिली आहेत. खाली लिहिलंय की हे चर्च त्यांच्या आणि १८३८ ते १८४३ च्या मोहिमांत आजाराने किंवा तलवारीने पडलेल्या साध्या सैनिकांच्या स्मरणार्थ आहे. मात्र त्या सैनिकांची संख्या इतकी मोठी, की नावं लिहिता येत नाहीत.

ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि संताप आला. माझं माहेर दापोलीचं. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची छावणी होती, म्हणून अजूनही जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात. कंपनीच्या मुंबई फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातले मराठे आणि महार शिपाई भरपूर होते. १८३८ च्या अखेरीस हीच फौज गलबतांतून सिंधला उतरली, बोलन खिंडीतून कंदाहारला गेली, जुलै १८३९ मध्ये गझनीच्या हल्ल्यात होती. समुद्रकाठच्या भातखाचरांतली पोरं, आणि पाण्याच्या थेंबाला महाग असलेला तो मुलूख!

काहनची गोष्ट तर आपल्याकडे शाळेत सांगायला हवी. १८४० च्या उन्हाळ्यात बलुचिस्तानात, मर्री टोळीच्या डोंगरातल्या त्या गढीत मुंबईच्या पाचव्या पलटणीची एक तुकडी अडकली. सोडवायला निघालेल्या फौजेला नफुस्कच्या घाटात मार खाऊन परतावं लागलं. कितीतरी माणसं तहानेनंच गेली. तरी आतल्यांनी गढी सोडली नाही. सप्टेंबरअखेर मर्रींशी बोलणी झाली, तेव्हा तोफ सोबत घेऊनच बाहेर पडले. हीच पलटण आज मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, 'काली पाँचवीं'.

त्या युद्धाची बाजू मी घेत नाही. दुसऱ्याच्या मुलखात नको असलेला राजा बसवायला गेलेली ती स्वारी होती. पण हुकमावरून गेलेल्या शिपायाचं नाव कुठेतरी असायला हवं.

दापोली, खेड, मंडणगडकडे कुणाच्या घरी पलटणीतल्या पूर्वजाची सनद, पेन्शनीचा कागद, बिल्ला काही असेल तर कळवा. मी फोटो काढायला येईन. गाव, नाव, पलटण एवढं जरी लागलं, तरी वहीत नोंदवत जाणार आहे.