वाटी भरलेली दिसते, पण आत नुसती टरफलं

आमच्या गुंड्याला घरी येऊन आता पाच वर्षं होतील. गुंड्या म्हणजे कॉकटील, राखाडी अंग, पिवळं डोकं आणि गालावर केशरी टिकली. बेळगावात वडगावला आमच्या गल्लीत सगळे त्याला पोपटच म्हणतात आणि ते चूक पण नाही, कॉकटील पोपटांच्याच कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपला हिरवा पोपट मात्र घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे हे अजून खूप जणांना माहीत नाही, तेव्हा कुणी खानापूरकडच्या रानातली पिल्लं आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, एवढं आधीच सांगून टाकते.

आज लिहायचंय ते त्याच्या खाण्याबद्दल. कारण गेल्या वर्षभरात त्याच्या खाण्यावरनं मी जेवढं डोकं लावलंय तेवढं माझ्या पोराच्या डब्यावरनं पण लावलं नव्हतं, आणि दोन डॉक्टर, एक दुकानदार, माझी आई, आत्ती (माझ्या सासूबाई) आणि इंटरनेटवरचे लोक या सगळ्यांनी मला वेगवेगळं सांगितलं.

पहिली चार वर्षं दुकानातलं मिक्स सीड घालत होते. सकाळी एक वाटी, संध्याकाळी बघायचं, वाटी भरलेली दिसली की तशीच ठेवायची. एकदा दिवाळीनंतर निपाणीला भावाकडं गेलो, दोन दिवसांसाठी दोन वाट्या काठोकाठ भरून ठेवल्या, शेजारची मुलगी पाणी बदलून जायची. परत आलो तर गुंड्या जाळीला लटकून ओरडतोय, आणि वाट्या बघितल्या तर दोन्ही भरलेल्या! मी म्हटलं एकटा होता म्हणून रागावला असेल. आत्तींनी काय केलं, वाटी घेतली, सुपात ओतली आणि तांदूळ पाखडतात तसं पाखडली. सगळी टरफलं उडाली. खाली राहिलं ते चमचाभर, ते पण मक्याचे मोठे तुकडे जे तो कधीच खात नाही. "वाटी भरलेली कुठं हाय गं, उपाशी हाय की ते," म्हणाल्या. पोपट बी सोलून आतला गर खातो आणि टरफल परत वाटीतच टाकतो, त्यामुळं वरनं बघितलं तर काहीच कळत नाही. त्या दिवसापासनं रोज वाटी फुंकल्याशिवाय मी हिशोब धरत नाही.

तरी पण काय घालायचं हे बदललं नव्हतं. ते बदललं गेल्या पावसाळ्यात, त्याला शिंका सुरू झाल्या, नाकाशी ओलसर चिकट दिसायला लागलं, पिसांवरची चमक गेली. एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर माणूस चांगला, पण तिथं सगळी कुत्री आणि गाई-म्हशींची कामं, आमचा पिंजरा टेबलावर ठेवला आणि पक्षी बाहेर न काढताच विचारलं काय घालता. मी म्हटलं मिक्स सीड. तर "सूर्यकांती ब्याडा," म्हणाले, म्हणजे सूर्यफूल नको, आणि पाण्यात घालायला व्हिटॅमिनचे थेंब लिहून दिले. झालं, पाच मिनिटांत बाहेर.

सूर्यफुलाचं त्यांचं बरोबरच होतं. सोललेल्या सूर्यफुलाच्या गरात निम्मं तेलच असतं, आणि जो पक्षी दिवसभर हॉलमध्ये बसून असतो त्याला ते जड जातं, लिव्हरवर चरबी चढते. पण थेंबांनी काय झालं तर पाणी पिवळं व्हायचं, दुपारपर्यंत वाटीला बुळबुळीत थर यायचा, आणि त्यानं पाणी पिणंच कमी केलं. आठ दिवसांनी मीच बंद केले. डॉक्टरांना न विचारता बंद केले हे बरोबर नव्हतं, फोन करायला पाहिजे होता.

मग एका ओळखीच्यांनी पुण्यातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न, वजन किती? मी गप्प. पाच वर्षांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं, आणि घरात बटाट्यांचा काटा, त्यावर शंभर ग्रॅमचा पक्षी काय कळणार. शेवटी शहापूरला सराफ गल्लीत मामंजींच्या ओळखीचं दुकान आहे तिथं गेलो. कुंद्याचा रिकामा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडली, आत रुमाल. दुकानातल्या काकांनी आधी पंखा बंद केला, वाऱ्यानं काटा हलतो म्हणून, मग रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणला आणि मग गुंड्याला आत घातलं. ११४ ग्रॅम. काकांनी सोन्याची पावती लिहितात तसं चिठ्ठीवर लिहून दिलं, ती चिठ्ठी अजून आहे माझ्याकडं.

कॉकटीलचं वजन साधारण ८० ते १०० च्या आसपास असतं, अंगापिंडानुसार थोडं इकडं तिकडं. म्हणजे आमचा गुंड्या जाड होता, आणि जाड असून पण कुपोषित होता, हे ऐकून मला रडूच आलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बियांमध्ये तेल आणि पिठूळपणा भरपूर, पण व्हिटॅमिन ए जवळजवळ नाहीच आणि कॅल्शियम अगदी कमी. नाकाच्या आणि तोंडाच्या आतली जी ओली नाजूक कातडी असते ती व्हिटॅमिन ए वर टिकते, ते कमी पडलं की ती कातडी कोरडी, जाड होते आणि जंतूंना आयतं घर मिळतं. शिंका तिथनं. आणि पाण्यातले थेंब का नकोत तर पाण्यात आणि उजेडात व्हिटॅमिन टिकत नाही, जंतू मात्र वाढतात, आणि पक्षी किती पाणी पितो त्यावर डोस, म्हणजे अंदाजपंचे. काही मिक्स सीडवर व्हिटॅमिनचा थर दिलेला असतो तो पण टरफलावर, जे तो थुंकून टाकतो!

त्यांनी लगेच काही बदलायला सांगितलं नाही हे मला फार आवडलं. सात दिवस लिहा म्हणाले, काय घातलं, फुंकून काय उरलं, रोज सकाळी खाण्याआधी वजन, आणि पिंजऱ्याखालच्या पेपरचा फोटो. मग सांगितलं, पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या छोट्या गोळ्या, हळूहळू खाण्याच्या अर्ध्यापर्यंत आणायच्या, रोज भाजी, बाकी बारीक बिया.

आता इथं मी चुकले. नेटवर सगळीकडं लिहिलेलं की बिया म्हणजे विष, शंभर टक्के पेलेट्सच द्या, दोन दिवस भूक लागली की झक मारत खाईल. मला वाटलं डॉक्टर उगाच हळू जाताहेत. एका सोमवारी सगळ्या बिया काढल्या आणि पेलेट्सची वाटी ठेवली. तो चोचीत घेऊन कटकट चावत होता, मला केवढा आनंद. तिसऱ्या दिवशी खाली बघितलं तर सगळा भुगा पडलेला, तो चावत होता पण गिळत नव्हता, त्याला ते खायचं असतं हेच माहीत नव्हतं. तोपर्यंत मी ऑनलाइन छोटा काटा मागवला होता, त्यावर सोमवारी ११२ होतं ते गुरुवारी सकाळी १०१. पेपरवर शी अगदी थोडी, गडद हिरवी. मी घाबरून फोन लावला. डॉक्टर ओरडले, आणि ओरडायलाच पाहिजे होतं, एवढ्याशा पक्ष्याचं वजन पटकन दहा टक्के उतरलं की ते जिवावर बेतू शकतं, पक्ष्याला उपाशी ठेवून कधीच शिकवायचं नाही. लगेच बिया परत दिल्या. वाटीत तोंड घालून तो वर न बघता किती वेळ खात होता ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

मग परत सुरुवात, यावेळी सांगितल्याप्रमाणं. पेलेट्सचा मिक्सरमध्ये भुगा केला, राळे किंचित ओले करून त्यावर तो भुरभुरला, स्टीलच्या सपाट ताटलीत ठेवला आणि दोन तासांनी उचलायचा कारण ओलं खराब होतं. आत्ती समोर बसून स्वतः खाल्ल्यासारखं करायच्या, "बघ रे, मी खाऊलालोय," असं मुद्दाम पोरांसारखं बोलून, आणि खरंच, तो त्यांच्या हाताजवळ येऊन चोच घालायला लागला. दहा आठवडे लागले. शिंका त्याआधीच कमी झाल्या होत्या, ते गाजराचं काम असावं असं मला वाटतं.

राळ्यावरनं आठवलं. बाहेरनं येणारं ते महागडं मिलेट स्प्रे मिळतं ना, पक्ष्यांना लटकवायचं कणीस, ते राळ्याचंच कणीस आहे! आपल्याकडं कन्नड लोक नवणे म्हणतात ते. गणपत गल्लीत किराणा दुकानात माणसांना खायचे राळे स्वच्छ मिळतात, फक्त पॉलिश न केलेले टरफलासकट मागायचे. मी आता मिक्स सीड बंदच केलंय, राळे, थोडी बाजरी आणि ज्वारी. आणि एकावेळी अर्धा किलोच, कारण आपल्या बेळगावचा पाऊस, जून ते सप्टेंबर घरातल्या भिंती पण ओल्या असतात, पोत्यातल्या बियांना बुरशी यायला वेळ लागत नाही. शेंगदाणे तर मी पूर्ण बंद केले. शेंगांवरच्या बुरशीचं जे विष असतं, अफ्लाटॉक्सिन, ते भाजून पण पूर्ण जात नाही आणि ते लिव्हरवरच जातं. आईला हे पटलं नाही, "आमच्या आज्जीचा पोपट शेंगा खाऊन जगला," म्हणते. मिरचीबद्दल मात्र आईच बरोबर निघाली. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही, ती जाणीवच त्यांना नसते, आणि पिकलेल्या लाल मिरचीत व्हिटॅमिन ए साठी लागणारं भरपूर असतं. डॉक्टर म्हणाले खुशाल द्या.

भाजीत कडोलीकडची गाजरं येतात ती, कोथिंबीर, मेथी, आणि सगळ्यात भारी म्हणजे शेवग्याचा पाला. पालक कधीतरीच, त्यात कॅल्शियम अडवून धरणारा घटक असतो. रताळी आपल्याकडं एवढी पिकतात म्हणून मी आधी रोज उकडून देत होते, मग कळलं की व्हिटॅमिन ए आत केशरी असलेल्या रताळ्यात, आपली आतनं पांढरी, पोट भरतं बाकी विशेष नाही. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, बटरफ्रूट, म्हणजे अव्होकाडो, चुकून पण देऊ नका. ज्यूस करताना एखादी फोड पिंजऱ्यात टाकावीशी वाटते, पण पक्ष्यांना ते विष आहे, जीव जातो. चॉकलेट, चहा-कॉफी पण तसंच.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याबद्दल मला काय वाटतं. पुण्याच्या डॉक्टरांना पण मी विचारलं की अर्धंच का, सगळं पेलेट का नाही. ते मोकळेपणानं म्हणाले की पेलेट्समधले बरेच आकडे मुळात कोंबड्यांच्या अभ्यासावरनं आलेत. कॉकटीलवर स्वतंत्र काम अमेरिकेत यूसी डेव्हिसला १९८० च्या दशकात झालं, पिल्लांच्या वाढीला साधारण २० टक्के प्रथिनं लागतात असं त्यात निघालं, पण वाढणारं पिल्लू वेगळं आणि वडगावच्या हॉलमध्ये झोपाळ्यावर बसलेला पाच वर्षांचा गुंड्या वेगळा. शिवाय कॉकटील रानात गवताचं बीच खाणारा, त्याला नुसत्या पेलेट्सवर ठेवलं तर किडनीला त्रास होतो असा काही पक्षीडॉक्टरांचा अनुभव आहे, म्हणून ते हात राखून सांगतात. मला हे उत्तर पुरलं. ज्या डॉक्टरला आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही हे सांगता येतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

मैत्रिणीला एका दवाखान्यात तिथलीच पेलेट्सची पुडी दिली, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, ना कंपनीचं नाव ना तारीख, रंगीबेरंगी गोड वासाच्या. दवाखान्यात विकतात म्हणून सल्ला खोटा असं मी म्हणणार नाही, पण मूळ पॅकेट दाखवा म्हणायला लाजायचं नाही. मी साध्या तपकिरी, बिनरंगाच्या, साखर नसलेल्या घेते. माझ्या हिशोबानं राळ्याच्या दहापट महाग पडतात, पण तो दिवसाला खातो किती, दोन छोटे चमचे.

आज सकाळचं वजन ९७. परसात शेवगा आहे, त्याची डहाळी पिंजऱ्याला कपड्याच्या चिमट्यानं लावलीय, आणि तो एकेक पान तोडून बघतोय, थोडं चावतोय, बरंच खाली टाकतोय. आत्ती म्हणाल्या सगळी डहाळी संपवली गं. मी खालची पानं गोळा करून मोजली, सतरा निघाली, वहीत लिहून ठेवलंय.