तंबोऱ्याकडे कान

कॅसेट बरी की रेकॉर्ड, हे ठरवायला गवयाचा आवाज कामाचा नाही. आवडत्या गळ्याला आपण सगळं माफ करतो. कान द्यावा तो मागच्या तंबोऱ्याकडे. तिथे एकच षड्ज अखंड चालू असतो, त्यामुळे यंत्राची लबाडी लपत नाही.

रेकॉर्डचं भोक केसभर जरी केंद्रातून सरकलेलं असलं, तरी ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला दर १.८ सेकंदांनी तो षड्ज हेलकावतो. कॅसेटवर हेलकाव्याऐवजी थरथर ऐकू येते. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या चाकाचं, म्हणजे पिंच रोलरचं, रबर कडक झालेलं असतं, नाहीतर त्यावर टेपची तपकिरी पूड बसलेली असते. आणि मोटर सहा टक्के जलद फिरली, तर पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा गवई सरळ शेजारच्या पांढरी दोनमध्ये, अर्धा सूर वर, गाऊ लागतो!

जवारीचं, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांच्या झणकाराचं, दुखणं मात्र खास कॅसेटचं. टेप हेडवरून, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकते. हेडची फट टेपशी काटकोनात नसेल तर आधी वरचे नादच गळतात आणि तंबोरा घोंगडीखाली वाजल्यासारखा येतो. अशा वेळी प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हेड पुसावं. पुष्कळदा काम तिथेच भागतं. नाही भागलं, तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू, मूळ जागेची खूण करून, कॅसेट चालू असतानाच अगदी थोडा थोडा फिरवायचा. जवारी सगळ्यात लखलखीत ऐकू आली की हात आवरायचा. कॅसेट मुळात तिरक्या हेडवर भरलेली असेल, तर ही जुळणी तिच्यापुरतीच. दुसरी लावण्याआधी स्क्रू खुणेवर परत आणावा.

ख्यालाशी दोघींचं वैर आहे, फक्त वेगवेगळ्या टोकांना. एल.पी.च्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर धावते, लेबलाजवळ जेमतेम २१. सुई बाहेरून आत येते, म्हणजे ऐसपैस जागा मिळते सुरुवातीच्या संथ विलंबिताला, आणि शेवटच्या जलद द्रुतातल्या ताना येतात त्या नेमक्या आतल्या दाटीवाटीत. तिथे सुईला वळणं झेपत नाहीत, तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात. कॅसेटचा वेग शेवटपर्यंत तोच, म्हणून द्रुत तिला त्रास देत नाही. तबलाही टेपची सरसर झाकून टाकतो. पण सुरुवातीची हळुवार आलापी त्या सरसरीतच उभी राहते. माझा कौल तरीही रेकॉर्डला, कारण ख्याल उभा राहतो तो आलापीवर. अर्थात पाऊण तास सलग ऐकायचं असेल तर एका बाजूला ४५ मिनिटं वाजणाऱ्या सी-९० कॅसेटला इलाज नाही. सी-१२० च्या वाटेला जाऊ नये, तिची टेप फार पातळ, गुंतते, ताणते.

पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमटपणात दोन्हींवर बुरशी येते. रेकॉर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने, मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेने धुता येते. लेबल तेवढं भिजू द्यायचं नाही. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट ठिपके दिसले, तर ती मशीनमध्ये घालूच नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते.