आठ तासांचा हिशेब

"सकाळपासून लायनीत गेलेला वेळ आता रात्रीत काढायचा." भिवंडीच्या एका गोदामाबाहेर ड्रायव्हर क्लीनरला सांगत होता. संध्याकाळ झालेली, माल नुकताच भरून झालेला. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

पुढे समृद्धी, नागपूरपर्यंत 701 किलोमीटर. भरलेल्या गाडीला ताशी 55 ची सरासरी धरा, नुसतं स्टिअरिंगवर पावणेतेरा तास.

1961 च्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास ठरवले होते, लांबच्या मार्गांवर सवलत देऊन 10. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. म्हणजे त्या हिशेबात एकट्या ड्रायव्हरची ही फेरी एका रात्रीत बसतच नाही.

मालाचा हिशेब मात्र चोख. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, 200 किलोमीटरला एक दिवस देतं, मुदत संपायच्या आधीच्या किंवा संपल्यानंतरच्या 8 तासांत वाढवूनही मिळते. माणसाची मुदत कुठे लिहितात? लॉगबुकात तारीख, किलोमीटर, डिझेल. गेटवर कधी लागली, माल कधी भरून झाला, गाडी कधी हलली, हे तीन रकाने बहुतेक वह्यांत नसतातच. मग लायनीत जागून काढलेला दिवस आराम म्हणून खपतो, आणि पहाटे 2 ते 5 मध्ये, झोप सर्वात अनावर असते तेव्हा, तोच माणूस सरळसोट रस्त्यावर असतो.

हे तीन रकाने छापायला खर्च काहीच नाही. ते भरले की दुसरा ड्रायव्हर द्यायचा की पोहोचायची वेळ पुढे ढकलायची, हे गाडी सुटण्याआधीच ठरवता येतं.

तुमच्या कंपनीच्या गेटवर ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा आहे का?