आय५ आणि रास्पबेरी पाय: दोन प्रोसेसर मोजताना आलेला अनुभव

पंचवटीतल्या ज्या ग्रंथालयात मी संगणकाचं काम बघतो, तिथे जुन्या मराठी मासिकांचे अंक स्कॅन करून ठेवलेत. पण स्कॅन म्हणजे शेवटी पानाचा फोटो. त्यातला लेख किंवा लेखकाचं नाव शोधून मिळायला हवं असेल तर प्रत्येक पानावर ओसीआर चालवून मजकूर काढावा लागतो. हजारो पानांचं हे काम कोणत्या यंत्रावर करायचं, यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. ऑफिसात एक डेस्कटॉप होता, इंटेल कोअर आय५-४५७०. दुसरीकडे एका सभासदांनी भेट दिलेला रास्पबेरी पाय ४, पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच बोर्डावरचा छोटा संगणक.

कागदावर बघितलं तर आय५ हा २०१३ सालचा, हॅसवेल पिढीतला. ४ कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग), घड्याळाचा वेग ३.२ गिगाहर्ट्झ, जोर लागला की ३.६ पर्यंत जाणारा, ८४ वॉटचा. पाय ४ आला २०१९ मध्ये. त्यात ब्रॉडकॉमची चिप, तिच्यात आर्मचे कॉर्टेक्स-ए७२ जातीचे ४ कोअर, आमच्या बोर्डावर १.५ गिगाहर्ट्झने चालणारे. "कोअर सारखेच, वेग दुप्पट, म्हणजे काम दुप्पट," असा हिशेब एका काकांनी मांडला. दुसरे म्हणाले, "अहो, सहा वर्षांनी नवीन आहे पाय, तोच पुढे असणार." मोजल्याशिवाय यातलं काहीच मान्य करायचं नाही, असं मी ठरवलं.

दोन्हीवर ६४ बिट डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घातलं आणि सिसबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामपासून सुरुवात केली, कारण ते सगळेच वापरतात. निकाल बघून मी चकित झालो. एका कोअरच्या चाचणीत पायने आय५ला चक्क मागे टाकलं! हाच आकडा घेऊन बैठकीत गेलो असतो तर निर्णय तिथेच झाला असता, आणि तो चुकीचा झाला असता.

कारण शोधल्यावर कळलं ते सांगण्यासारखं आहे. सिसबेंचची ही चाचणी मूळ संख्या शोधते. एक संख्या घ्यायची, तिला २, ३, ४ असं भागत जायचं, बाकी शून्य येते का बघायचं. म्हणजे सगळा वेळ ६४ बिटांच्या भागाकारात जातो. हॅसवेलमध्ये हा एक भागाकार घड्याळाचे ३०हून जास्त, कधी कधी ९०च्या आसपास ठोके खातो. कॉर्टेक्स-ए७२ मात्र उत्तर लहान असेल तर भागाकार लवकर आटोपतो, जास्तीत जास्त २०-एक ठोक्यांत. इंटेलने ही ढिलाई पुढे आइस लेक पिढीत दूर केली. याची दुसरी बाजूही आहे. त्याच पायवर ३२ बिटांची सिस्टीम घातली तर हा भागाकार सॉफ्टवेअरला तुकड्यातुकड्यांनी करावा लागतो आणि तोच आकडा धाडकन खाली येतो. बोर्ड तोच, चिप तीच! आणि ओसीआरमध्ये भागाकार येतात किती? जवळजवळ नाहीतच. तिथे असतात गुणाकार आणि बेरजा, अक्षरशः ढिगाने.

मग फायली दाबून लहान करणाऱ्या सेव्हन-झिपची चाचणी लावली. चारही कोअर कामाला लावल्यावर आय५ साधारण अडीचपट पुढे. एईएस एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे माहिती गुप्त करण्याच्या कामात, तर तो कित्येक पटींनी पुढे गेला, कारण त्यासाठीच्या खास सूचना (प्रोसेसरला थेट समजणाऱ्या आज्ञा) आय५च्या चिपमध्येच आहेत आणि पाय ४च्या चिपमध्ये नाहीत. तीन चाचण्या, तीन निकाल. मी त्या बाजूला ठेवल्या आणि ग्रंथालयाचीच पानं घेतली.

हे करताना काळजी घ्यावी लागते. दोन्हीकडे टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामची ५वी आवृत्तीच घातली, कारण आर्मच्या निऑन सूचनांचा (एका झटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) वापर तिच्यापासून सुरू झाला; जुनी आवृत्ती घेणं पायवर अन्याय झाला असता. मराठीची डेटा फाइल दोन्हीकडे एकच. जलद आणि अचूक अशा दोन प्रकारच्या फायली मिळतात, त्यांच्या वेळात खूप फरक पडतो. पानं आधी रॅममध्ये घेतली, नाहीतर मोजणी एसडी कार्ड विरुद्ध एसएसडी अशी झाली असती. आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: टेसरॅक्ट एकच पान अनेक थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामांवर) वाटतं आणि त्या वाटावाटीत वेळ घालवतं. एका पानाला एकच थ्रेड दिला आणि चार पानं शेजारी शेजारी चालवली, तर दोन्ही यंत्रांवर एकूण काम लवकर उरकतं.

मे महिना होता. नाशिकचं हवामान थंड म्हणायचे दिवस गेले. दुपारी त्या खोलीत बसवत नव्हतं. पाय प्लॅस्टिकच्या बंद डबीत होता. सुरुवातीची पानं झरझर गेली, मग प्रत्येक पानाला लागणारा वेळ वाढू लागला. तापमान बघितलं तर ८० अंशांवर. तिथे पोचलं की ही चिप स्वतःला वाचवण्यासाठी घड्याळ मंद करते. एम.जी. रोडवरून हीटसिंक आणि छोटा पंखा आणून बसवला, तेव्हा वेग शेवटपर्यंत टिकला. हीच मोजणी डिसेंबरात केली असती तर हा प्रकार कदाचित दिसलाही नसता.

पंखा लावून केलेल्या मोजणीत आय५ साधारण साडेचारपट वेगवान ठरला. घड्याळाचा वेग दुप्पट, हे काकांचं खरंच होतं. उरलेला फरक आतल्या रचनेचा. आय५च्या एव्हीएक्स२ सूचना एका वेळी २५६ बिट घेतात, पायचं निऑन १२८. आय५कडे ६ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) आहे. पायकडे चारही कोअरमध्ये मिळून १ एमबी एल२, त्यापुढे थेट रॅम.

सगळा फैसला वेगावरच करायचा असता तर इथेच थांबलो असतो. पण वीजबिल ग्रंथालयाला भरायचं असतं, म्हणून प्लगला मीटर लावला. भर कामात डेस्कटॉप ८०-८५ वॉट घेत होता, पाय ६-७. आय५ला जे काम एका तासात होतं त्याला पायला साडेचार तास लागतात, तरी पायची वीज निम्म्याहून कमी. पण हा फरक एका युनिटचा साधारण विसावा भाग एवढाच. पैसा जातो तो रिकाम्या वेळात. काही काम नसताना डेस्कटॉप ३५ वॉट ओढतो, पाय ३. अहोरात्र चालू ठेवला तर डेस्कटॉपचे महिन्याला २५ युनिट, पायचे दोन-सव्वादोन.

त्यामुळे मी एकाला निवडायचंच नाही असं सुचवलं आणि कार्यकारिणीने ते मान्य केलं. पाय कायम चालू असतो. वाचकांची शोधाशोध त्याच्यावर चालते आणि तेवढ्याला तो पुरून उरतो. डेस्कटॉप बंद असतो. त्याच्या बायॉसमध्ये नेटवर्कवरून जागं होण्याची सोय चालू केली आहे. ग्रंथपाल मॅडम नवे स्कॅन पायवरच्या फोल्डरमध्ये टाकतात. पन्नासेक पानांपर्यंत असेल तर पाय रात्रीतून स्वतःच काम उरकतो. दिवाळी अंकांसारखा मोठा गठ्ठा आला की पाय आय५ला उठवतो, पानं त्याच्याकडे पाठवतो आणि मजकूर परत आला की त्याला बंद करतो.