तो फूटभर कुठे गेला?

शेठच्या नातवाने दिवाळीत नवी मर्सिडीज ई-क्लास आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत आणली. पाच मीटर नऊ सेंटिमीटर लांब गाडी, आणि कोपऱ्यावर शेजाऱ्यांची नेहमीची आडवी ॲक्टिवा. आम्ही दोघांनी ॲक्टिवा उचलून बाजूला ठेवली तेव्हा कुठे गाडी वळली. बाबा ठेवणीतला झब्बा घालून ओट्यावर उभे.

बाबांनी शेठकडे तेहतीस वर्षं ड्रायव्हरकी केली. आधी अँबेसेडर, मग १९९६पासून मर्सिडीज. १९९५मध्ये पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात जुळायला लागलेली ई-२२०; गाडीवेड्यांच्या भाषेत डब्ल्यू-१२४. जर्मनीत ही पिढी १९८४च्या अखेरीस आली होती आणि आपल्याकडे पोचली तोवर तिकडे तिची वारसही बाजारात उतरली होती. बाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. इंदूरच्या क्लॉथ मार्केटात ती गाडी शिरली की हातगाडीवाले आपणहून बाजूला व्हायचे, तेवढं त्यांना पुरे होतं.

मी इंदूरजवळ पीथमपूरला, साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे मला तिच्या वाइपरचं वेड. एकच वाइपर, मधोमध. बारा वर्षांचा असताना शेठच्या परवानगीने बाबांबरोबर गेलो होतो. शेठना धुळ्याला सोडून रिकामी गाडी परत आणताना बिजासन घाटात पावसाने झोडपलं. ट्रक दिसेना, कठडा दिसेना. आणि समोर तो एकटा वाइपर मधे आला की हात आखडता घ्यायचा, कोपऱ्याकडे जाताना बाहेर झेपावायचा. बुडाशी गिअरची अशी जोडणी, की पातं फिरता फिरता आत-बाहेरही सरकतं. काचेवर साधं अर्धवर्तुळ उमटत नाही, दोन शिंगं फुटल्यासारखा आकार होतो. त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जायचा. वरच्या कोपऱ्यातून घाटाचं पुढचं वळण दिसतं, हे ज्याने ध्यानात घेतलं त्याला माझा आजही दंडवत.

डिकीही तशीच. मागचे दिवे तिरके कापून झाकण थेट बंपरपर्यंत खाली आणलेलं. कापडाच्या सँपलच्या ट्रंका कमरेपर्यंत उचलाव्या लागत नसत, नुसत्या आत सारायच्या. मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्यांची जोडणी, चाक खड्ड्यात गेलं तरी सरळ राहावं म्हणून. बाबांची चाचणी सोपी होती: भेरू घाटात शेठचं घोरणं थांबलं नाही म्हणजे सस्पेन्शन ठीक.

या जुन्या गाडीच्या डिझाइनचे प्रमुख ब्रुनो साको, जन्माने इटलीतल्या उदिनेचे. त्यांचा हट्ट असा की नवी पिढी आली म्हणून आधीची जुनाट दिसता कामा नये. २०२४च्या सप्टेंबरात ते गेले आणि पुढच्याच महिन्यात ही नवी ई-क्लास भारतात आली. दारात उभी असलेली पाहून साकोंना काय वाटलं असतं, असा विचार मनात आलाच. समोर काळं चकचकीत ग्रिल, मागच्या दिव्यांत चांदण्या. मला तर ती लग्नाच्या मांडवातली वाटली. नातवाला अर्थातच हे बोललो नाही. फराळाला आलेला माणूस.

बोललो नाही, पण टेप काढली. सवयच. डब्ल्यू-१२४चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८०० मिलिमीटर, हिचा ३०९४. जवळपास फूटभर वाढला. बाकी बहुतेक जगातली साधी ई-क्लास २९६१ची. आपल्याकडे २०१७पासून लांब व्हीलबेसची मिळते. म्हणजे वरचे १३३ मिलिमीटर खास आपल्यासारख्यांसाठी, आणि ते सगळे पुढच्या सीटच्या मागे. मागचं दार केवढं रुंद झालंय ते बघा, पुढचं आहे तेवढंच. चुकीचं नाही म्हणत मी. आपल्याकडे पैसे मोजणारा मागे बसतो, कंपनी त्याचंच माप घेणार. बीएमडब्ल्यूनेही २०२४मध्येच ५ सिरीज लांबवूनच आणली, ३१०५ची.

नातवाने बाबांना आग्रहाने मागे बसवलं. तेहतीस वर्षांत मर्सिडीजच्या मागच्या सीटवर बाबा बसले असतील ते फक्त व्हॅक्यूम मारायला. पाठ मागे रेलली. मग त्याने एक बटण दाबायला लावलं, तशी पुढची डावी सीट सरसर पुढे गेली.

"पुढे कोणी बसलेलं असलं तर?" बाबांनी विचारलं.

"कोण बसणार, काका? मोकळीच असते."

त्या सीटवर बसून मी बिजासन घाट पाहिला होता. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

वेगाचं बाबांना कधीच कौतुक नव्हतं. २०२१मध्ये पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक सुरू झाला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो, तर म्हणाले, "गोल ना? मग एवढं पळून पुन्हा तिथेच यायचं!"

आईने अनारसे आणले. नातू आत येऊन बसला. बाबा मात्र बशी घेऊन बाहेर ड्रायव्हरकडे गेले. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, देवासचा. बशी त्याच्या हातात देऊन बाबा गाडीच्या पुढे गेले, काचेखाली वाकून पाहिलं.

"वाइपर कितने हैं इसमें?"

"दो हैं, दादाजी."

"दो?" बाबा म्हणाले. "दो का क्या काम?"